भविष्यचिठ्ठी लेखन

कोणाच्याही हाती पडली तरी आपल्यासाठीच लिहिली आहे असे वाटावे, अशी एका वाक्याची गमतीची भाकिते रचणे म्हणजे भविष्यचिठ्ठी लेखन. पत्रिका, ग्रहमान किंवा शकुन यांच्याशी त्याचा संबंध नाही. हा शब्दांच्या काटकसरीचा सराव आहे आणि तो एकट्याने किंवा चारपाच जणांत मिळून करता येतो.

या प्रकाराचे सर्वांत परिचित रूप अमेरिकेतील चिनी उपाहारगृहांत जेवणानंतर मिळणाऱ्या फॉर्च्युन कुकीत, म्हणजे पोटात चिठ्ठी असलेल्या घडीच्या बिस्किटात, दिसते. कुकीचे मूळ मात्र जपानी आहे. क्योतोतील फुशिमी इनारी देवस्थानाच्या परिसरात तीळ आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण) घातलेले, घडीच्या खाचेत चिठ्ठी अडकवलेले सेंबेई (कुरकुरीत जपानी बिस्किटे) आजही मिळतात. संशोधक यासुको नाकामाची यांना 1878च्या एका जपानी पुस्तकात ते भाजणाऱ्या माणसाचे चित्र सापडले. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी स्थलांतरितांनी हा पदार्थ कॅलिफोर्नियात रुजवला. दुसऱ्या महायुद्धात, 1942पासून, अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले, त्यांच्या बेकऱ्या बंद पडल्या आणि धंदा चिनी उत्पादकांकडे गेला. न्यूयॉर्कच्या वाँटन फूड कंपनीसाठी डोनाल्ड लाऊ यांनी सुमारे 30 वर्षे चिठ्ठ्या लिहिल्या. नव्या ओळी सुचेनाशा झाल्या तेव्हा, 2017मध्ये, त्यांनी ते काम जेम्स वाँग यांच्याकडे सोपवले.

महाराष्ट्रात याचा जवळचा नातलग रेल्वे स्थानकांवरच्या वजनकाट्यात होता. नाणे टाकले की पुठ्ठ्याचे तिकीट पडे. त्यावर वजन आणि सोबत स्वभावाची किंवा भविष्याची एक ओळ. स्नेहसंमेलनातील शेलापागोटे, म्हणजेच फिशपाँड, हेही चिठ्ठीचेच लेखन. पण ते ठरावीक व्यक्तीला उद्देशून असते आणि टोमणा हा त्याचा प्राण असतो. भविष्यचिठ्ठीत वाचणारा कोण हे लिहिणाऱ्याला माहीत नसते. सारी अडचण आणि सारी मजा तिथेच आहे.

चांगल्या चिठ्ठीत चित्र नेमके असते आणि माणूस मोकळा ठेवलेला असतो. ‘लवकरच धनलाभ होईल’ ही ओळ वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यासारखी वाहून जाते. तीत डोळ्यांपुढे काहीच येत नाही. ‘मंगळवारी निळ्या शर्टच्या खिशात 50 रुपये सापडतील’ यात चित्र आहे, पण निळा शर्ट नसलेला प्रत्येक जण बाहेर पडतो. ‘बऱ्याच दिवसांनी घातलेल्या कपड्याच्या खिशात विसरलेली नोट सापडेल’ ही ओळ बहुतेकांना लागू पडते आणि खिसा चाचपायला लावते. तपशील अशा गोष्टीचा द्यावा जी सगळ्यांच्या घरी असते: खिसा, किल्ली, चहा, जिना, छत्री, फ्रिजमधला डबा.

सगळ्यांना लागू पडणारे वाक्य लिहिणे तसे सोपे आहे. 1948मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर वाटला आणि तो किती अचूक आहे ते विचारले. 5 पैकी सरासरी 4.26 गुण मिळाले. पण तशी वाक्ये पटतात आणि लगेच विसरली जातात. खेळात लक्षात राहणे महत्त्वाचे.

बैठकीची पद्धत साधी आहे. आधी 10 मिनिटांत रोजच्या वापरातल्या 20 वस्तूंची यादी करावी. प्रत्येक वस्तूवर दोन ओळी लिहाव्यात. 40 ओळींतून 10–12 टिकल्या तर बैठक चांगली झाली. ‘आनंद’, ‘यश’, ‘प्रेम’ यांपासून सुरुवात केली तर पाचव्या ओळीलाच सुविचार सुरू होतात, आणि सुविचार हीच या लेखनाची सर्वांत मोठी खोड आहे. ‘कष्टाचे फळ मिळते’ यात भाकीत नाही. क्रियापद भविष्यकाळात आणले की निम्मे सुविचार आपोआप गळतात.

भविष्यकाळ मराठीत आणखी एका कारणाने सोयीचा आहे. ‘तू आलास’, ‘तू आलीस’, ‘तू करतोस’, ‘तू करतेस’ यांत लिंग उघड होते. ‘तू करशील’, ‘तुम्ही कराल’ यांत होत नाही. धोका विशेषणांत उरतो: ‘तुम्ही एकटे जाल’ म्हटले की निम्म्या वाचकांना ओळ परकी वाटते. अशा वेळी वस्तूलाच कर्ता करावे: ‘हरवलेली किल्ली सापडेल, कुलूप मात्र बदललेले असेल.’ मोठ्यांच्या मेळाव्यात ‘तुम्ही’, मुलांसाठी ‘तू’. चिठ्ठ्यांच्या एकाच बरणीत दोन्ही मिसळू नयेत. यमक टाळावे, कारण यमक जुळले की चारोळी होते आणि कान अर्थाकडून चालीकडे वळतो.

आजार, मृत्यू, मूल होणे, लग्न जमणे आणि परीक्षेचा निकाल हे विषय वर्ज्य मानावेत. वाचणाऱ्याच्या घरात त्या आठवड्यात काय चालले आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि ‘घरी पाळणा हलेल’ ही गंमत एखादीला जिव्हारी लागू शकते.

चिठ्ठीसाठी 6 सें.मी. × 1.5 सें.मी. कागद पुरतो. 11 पॉइंटच्या देवनागरी अक्षरात एका ओळीवर सुमारे 20 ते 25 अक्षरे बसतात, म्हणून मजकूर दोन ओळींत, 8 ते 12 शब्दांत संपवावा. ओळींतले अंतर 15 पॉइंट ठेवावे. कमी ठेवल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. कुकीत घालायची असल्यास चिठ्ठी भाजल्यानंतर ठेवतात. मैदा, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि लोणी यांच्या मिश्रणाची पातळ चकती ओव्हनमधून काढल्यावर 10–15 सेकंदांतच घडी घालून पेल्याच्या काठावर वाकवावी लागते. त्यानंतर ती कडक होते आणि मोडते. म्हणून एका वेळी दोन-तीनच भाजाव्यात.

संगणकावर साठवायच्या असतील तर युनिक्स या संगणक-प्रणालीच्या 1979मधील सातव्या आवृत्तीपासून चालत आलेला ‘फॉर्च्युन’ हा प्रोग्रॅम उपयोगी पडतो. साध्या मजकूर फाइलीत दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये स्वतंत्र ओळीवर फक्त % हे चिन्ह लिहायचे, ‘स्ट्रफाइल’ या जोडीच्या प्रोग्रॅमने तिची सूची बनवायची, आणि प्रत्येक वेळी त्यातली एक ओळ नशिबाने समोर येते. फाइल युटीएफ-8 या अक्षर-संकेतनात जतन करावी, नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात.