उन्हाळी वाचन उपक्रम (पुण्यातील सार्वजनिक ग्रंथालये)

शाळांना सुट्टी लागल्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सार्वजनिक ग्रंथालये मुलांसाठी जी खास सोय आणि जे कार्यक्रम करतात, त्यांना उन्हाळी वाचन उपक्रम म्हणतात. सुट्टीपुरते सभासदत्व, वय पाहून सुचवलेली पुस्तके, गोष्टी सांगणे, अभिवाचन, लेखकाशी गप्पा, वाचलेल्या पुस्तकाबद्दल मुलांनी चार वाक्ये बोलणे असा त्यांचा साधारण ऐवज असतो. पुण्यातल्या घरांत मात्र हे सगळे एकाच वाक्यात मावते : ‘पुस्तक बदलायला जातो.’ एक पुस्तक घेऊन निघायचे आणि दुसरे घेऊन परतायचे, ही येरझार या उपक्रमाचा कणा आहे. शिबिर, स्पर्धा आणि प्रमाणपत्र ही त्याला फुटलेली पालवी.

ही कल्पना ग्रंथालयांच्या कामाचा भाग झाली ती अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. शाळा बंद असताना मुलांचे वाचनही बंद पडू नये, हा तिथल्या ग्रंथपालांचा साधा हेतू होता. तो किती योग्य होता याचा पुरावा बऱ्याच उशिरा मिळाला. समाजशास्त्रज्ञ बार्बरा हाइन्स यांनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुट्टीत जास्त पुस्तके वाचणाऱ्या मुलांचा शब्दसंग्रह जास्त वाढलेला दिसला, आणि हे गरीब व सुस्थित अशा दोन्ही घरांतल्या मुलांच्या बाबतीत खरे ठरले. उन्हाळी वर्गांपेक्षाही सार्वजनिक ग्रंथालयाचा वाटा त्यात मोठा होता. ग्रंथालय घरापासून किती लांब आहे यावरही वाचन अवलंबून असते, असे याच अभ्यासात दिसले. ब्रिटनमध्ये १९९९ पासून दर उन्हाळ्यात मुलांना ठरावीक संख्येने पुस्तके वाचण्याचे आव्हान देशभरच्या ग्रंथालयांतून दिले जाते.

पुण्याचा उन्हाळा आणि ज्ञानव्यवहार यांचे नाते जुनेच आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला एप्रिल-मे महिन्यांतच भरते. ग्रंथालयांची सुरुवात तर त्याहून जुनी. आजचे पुणे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये ‘पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून सुरू झाले. त्याच्या उभारणीत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा पुढाकार होता. नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय १९११ चे. शासकीय विभागीय ग्रंथालय पुणेकरांना अनेक वर्षे विश्रामबागवाड्यामुळे ओळखीचे आहे. यांशिवाय पेठापेठांतून आणि उपनगरांतून लहानमोठी वाचनालये आहेत.

‘सार्वजनिक’ या शब्दाचा इथला अर्थ समजून घ्यायला हवा, कारण उपक्रमाचा आवाका त्यावरच ठरतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. त्यात ग्रंथालयासाठी नागरिकांवर वेगळी पट्टी, म्हणजे कर, बसवलेली नाही. बहुसंख्य ग्रंथालये नोंदणीकृत संस्था चालवतात आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार त्यांना सरकारी अनुदान मिळते. बाकीचा भार वर्गणी आणि देणग्यांवर. म्हणून अमेरिकेतल्या मुलाला जे कार्ड फुकट मिळते त्यासाठी पुण्यातल्या मुलाच्या घरून अनामत आणि वर्गणी भरावी लागते. रक्कम बहुधा लहान असते. तरी दोन महिन्यांसाठी अनामत कशाला अडकवायची, या विचाराने कित्येक घरे मागे फिरतात. मोठ्या माणसाच्या खात्यावर मुलाला एक जादा पुस्तक देणे हा यावरचा सोपा तोडगा आहे आणि तो आणखी ठिकाणी वापरला जावा.

वेळापत्रकाचाही प्रश्न असतो. पुण्यातली अनेक जुनी वाचनालये सकाळी काही तास आणि मग संध्याकाळी उघडी असतात. दुपारी, म्हणजे मुले घरात सर्वांत कंटाळलेली असतात तेव्हा, दाराला कुलूप असते. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकत असताना लहान मुलाने भर दुपारी यावे असे कोणी म्हणणार नाही. पण पंखा, थंड पाण्याचा माठ आणि खाली अंथरलेली सतरंजी एवढ्यावर दुपारची वाचनखोली चालू शकते. त्यात शाळांची सुट्टीही एकसारखी नसते. राज्य मंडळाच्या शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, तर केंद्रीय मंडळाच्या बऱ्याच शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊन मग सुट्टी लागते. एकाच सोसायटीतली दोन मुले त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी मोकळी होतात. कार्यक्रम मे महिन्यात घेतले तर दोघांनाही गाठता येतात.

पुस्तक कसे सुचवावे

उपक्रमाचा सर्वांत नाजूक भाग हा. भिंतीवर ‘इयत्ता पाचवीसाठी’ अशी यादी लावली की काम झाले असे वाटते, पण यादीला समोरचे मूल दिसत नाही. देवघेवीच्या टेबलाशी रोज घडणारा प्रसंग पाहावा. दहा वर्षांची मुलगी एक जाड पुस्तक परत करते. खुणेची चिठ्ठी अजून पंधराव्या पानातच आहे. आई म्हणते, ‘हिला वाचायचा कंटाळाच आहे.’ जाणता ग्रंथपाल आईला उत्तर देत नाही. तो मुलीला विचारतो, ‘याआधी कुठलं पुस्तक आवडलं होतं गं?’ ती म्हणते, ‘कुत्र्याचं होतं ते.’ मग कुत्र्याचे, मांजराचे, जंगलाचे अशी तीन पातळ पुस्तके टेबलावर येतात. ती त्यांतले एक उचलते, तारखेचा शिक्का बसतो आणि दोन दिवसांत ती पुन्हा हजर होते. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची सूत्रे याच टेबलावर खरी होतात. तीन पुस्तके पुढे ठेवून एक तिला निवडू देणे फार मोलाचे आहे. निवड तिची असली की शेवटच्या पानापर्यंत जाण्याची ओढही तिचीच असते.

मराठीत पुस्तक सुचवताना वयाइतकीच लिपीची पायरी पाहावी लागते. काना-मात्रा आलेल्या मुलाला जोडाक्षरे अडवतात आणि रफार त्याहून अधिक. पुस्तक, सुट्टी, गोष्ट या तिन्ही लाडक्या शब्दांत जोडाक्षर आहे, यावरून अडचण ध्यानात यावी. म्हणून जोडाक्षरविरहित छोटी पुस्तके बालविभागात वेगळ्या कप्प्यात, मुलाच्या हाताला येतील अशी ठेवावीत.

आजच्या पुण्यात मोठा गट आहे तो इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा. ती घरी अस्खलित मराठी बोलतात, पण वाचताना अक्षर-अक्षर लावतात. राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. सक्तीने अक्षरओळख होते, गोडी मात्र वेगळ्या वाटेने येते. अशा मुलाची समज दहा वर्षांची आणि वाचनाचा वेग सहा वर्षांच्या मुलाचा असतो. त्याला चिऊ-काऊचे पुस्तक दिले तर त्याचा अपमान होतो आणि कादंबरी दिली तर दम लागतो. त्याच्यासाठी कोडी, विनोद, चित्रकथा, विज्ञानाचे प्रयोग, एका पानाच्या गोष्टी निवडाव्यात. याहून हमखास उपाय म्हणजे मोठ्या माणसाने पहिले प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावे आणि ऐन रंगात थांबावे. पुढचे काय, हे कळण्यासाठी मूल जोडाक्षराशीही झटापट करते. आजी-आजोबांकडे वेळ आणि आवाज दोन्ही असतात. सुट्टीतल्या अभिवाचनाला त्यांना बोलावणाऱ्या वाचनालयाला बाहेरचा वक्ता शोधावा लागत नाही.

पुण्याच्या मुलांना जवळचा वाटेल असा मजकूर इथे भरपूर आहे. पुण्यातल्या बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, त्यामुळे वर्गणी न परवडणाऱ्या घरालाही मोबाइलवर तो खजिना खुला आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर मूळचा फुरसुंगीचा आणि शिकायला पुण्यात आलेला. त्याची गोष्ट वाचून झाल्यावर मुलांना शहराच्या नकाशावर फुरसुंगी शोधायला लावली, तर पुस्तकातले गाव बसच्या पाटीवरचेच गाव आहे हे पाहून ती हरखून जातात.

स्पर्धा घ्यावी की नाही, यावर मतभेद आहेत. ‘जास्तीत जास्त पुस्तके’ या स्पर्धेत मुले पातळ पुस्तके शोधतात आणि पाने भराभर उलटतात. वाचलेल्यातला एक प्रसंग सांगणे किंवा पुस्तकासाठी नवे मुखपृष्ठ काढणे अधिक फळते. अशी मुखपृष्ठे बालविभागाच्या भिंतीवर लावली की शिफारशीची यादी मुलांनीच तयार केलेली असते, आणि मुले मोठ्यांपेक्षा एकमेकांचे अधिक ऐकतात.

अडचणींत जागेची अडचण सर्वांत मोठी आहे. सदाशिव पेठ, नारायण पेठ परिसर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी गजबजलेला असतो आणि अभ्यासिकेच्या जागेला वर्षभर मागणी असते. अभ्यासिकेतून संस्थेला नियमित उत्पन्न मिळते, बालविभागातून ते मिळत नाही, म्हणून मुलांची कपाटे हळूहळू कोपऱ्यात सरकतात. त्या विद्यार्थ्यांची गरज खरी आहे आणि त्यांना शांतता हवी. सात-आठ वर्षांची मुले गोष्ट ऐकताना खिदळणारच. दोघांची वेळ किंवा मजला वेगळा ठेवणे हा मार्ग निघू शकतो, आणि तो काढायलाच हवा. दुसरी अडचण अंतराची. जुनी, समृद्ध ग्रंथालये पेठांत आहेत आणि मुले मात्र कोथरूड, वारजे, हडपसर, धायरीकडे वाढत आहेत. भर रहदारीतून नऊ वर्षांचे मूल एकटे पेठेत येऊ शकत नाही. सोसायटीच्या कार्यालयात किंवा एखाद्या शाळेच्या वर्गात सुट्टीपुरती पुस्तकांची पेटी ठेवून दर आठवड्याला ती बदलली, तर तेच ग्रंथालय मुलाच्या चालण्याच्या टप्प्यात येते.

जूनचा दुसरा आठवडा परतीचा. टेबलावर पुस्तकांचे ढीग लागतात. काहींची शिवण सुटलेली असते, काहींच्या पानांवर आंब्याच्या रसाचे डाग असतात. नोंदवहीत दाखल क्रमांकांसमोर खुणा होतात, फाटकी पुस्तके बाइंडिंगसाठी बाजूला निघतात. डाग पडलेली पुस्तके पुसून पुन्हा कपाटात जातात.