मालेची भिंत आणि मदतीचा हिशेब

मरीन ड्राइव्हच्या कठड्याखालचे चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड मुंबईकराला नवे नाहीत. तसेच टेट्रापॉड मालदीवच्या राजधानीला, मालेला, समुद्राच्या बाजूने राखतात. कोकणात ज्याला आपण धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतो त्याचा हा थोरला भाऊ. पैसा जवळजवळ सगळा जपानचा.

गोष्ट सुरू होते एप्रिल १९८७ मध्ये. डोक्यावर वादळ नव्हतं. दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या लाटा मालेत शिरल्या. रस्ते बुडाले, शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर पाणी चढलं, दक्षिणेकडचा नवा भराव वाहून गेला. दोष एकट्या समुद्राचा नव्हता. जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या बेटावर माणसं मावेनात, म्हणून भोवतीचं उथळ प्रवाळाचं पाणी भराव टाकून थेट कडेपर्यंत बुजवलं होतं. लाट जिथे फुटून लंगडी व्हायची ती जागाच उरली नव्हती. शिवाय घरं बांधायला दगड म्हणून प्रवाळच उपसत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत वाढत्या समुद्रपातळीचा प्रश्न मांडला. नोव्हेंबर १९८९ मध्ये छोट्या देशांची परिषद मालेतच भरली आणि १९९० मध्ये बेटराष्ट्रांची आघाडी उभी राहिली. या आघाडीच्या वतीने पॅसिफिकमधल्या वानुआतू या बेटराष्ट्राने १९९१ मध्येच एक मागणी केली होती: समुद्र चढून जे नुकसान होईल त्याच्या भरपाईसाठी विम्यासारखा निधी काढा आणि वर्गणी श्रीमंत देशांनी भरा. मागणी बाजूला पडली. भिंत बांधून देणं दात्याला सोपं असतं. तिचं उद्घाटन करता येतं. भरपाई म्हटली की चूक कोणाची, हा प्रश्न येतो.

इकडे जपानचं काम टप्प्याटप्प्याने २००२ पर्यंत पुरं झालं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा मालेतही पाणी आलं, पण लाटेचा मार भिंतीने झेलला. बाहेरच्या बेटांना असं कवच नव्हतं. तिथे विहिरींत खारं पाणी उतरलं. प्रवाळबेटावर गोडं पाणी म्हणजे वाळूखाली साठलेला पावसाचा पातळ थर; तो एकदा नासला की लोकांना पावसाच्या टाक्यांवर नाहीतर बाहेरून आणलेल्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. देशाचं नुकसान वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्के ठरलं.

आणि यातला सगळ्यात बोचरा तपशील तारखेत आहे. त्सुनामीच्या बरोबर सहा दिवस आधी, २० डिसेंबरला, आमसभेने मालदीवला अल्पविकसित देशांच्या यादीतून वर काढण्याचा ठराव केला होता. पर्यटनामुळे दरडोई उत्पन्न चांगलं दिसत होतं ना! अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. १ जानेवारी २०११ ला देश यादीतून बाहेर पडला, आणि त्या यादीमुळे मिळणाऱ्या सवलतींवरचा हक्कही गेला. दोनच महिन्यांनी जपानमध्ये त्सुनामी आली, तेव्हा मालदीवने ट्यूना माशाचे काही लाख डबे तिकडे धाडले.

१९९१ ची मागणी वेगळ्या रूपात मान्य व्हायला २०२२ उजाडलं. हवामानबदलाचा फटका बसलेल्या देशांसाठीच्या हानी-नुकसान निधीवर त्या वर्षी इजिप्तमधल्या हवामान परिषदेत एकमत झालं, २०२३ मध्ये दुबईत तो सुरू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये आमसभेने बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक स्वीकारला, म्हणजे देशाचं उत्पन्नच नव्हे तर त्याची धोक्यातली स्थितीही मोजायची. कर्ज देणाऱ्या संस्थांवर तो बंधनकारक मात्र नाही.

त्याच ऑगस्टमध्ये मालदीवच्या २८ बेटांवरच्या पाणीपुरवठा आणि सांडपाणी योजनांचं उद्घाटन झालं. या योजना भारताच्या पैशातून झाल्या, पण तो पैसा अनुदान नाही, सवलतीचं कर्ज आहे. मालेची भिंत जपानने अनुदानातून दिली होती.