मेंदूसारख्या चिपची राखण कोण करणार?

बारावीचा निकाल लागला की ठाणे-दादरच्या करिअर मेळाव्यांत एआयच्या स्टॉलसमोर पालकांची झुंबड उडते. माहितीपत्रकं ढिगाने मिळतात, पण एका संशोधनक्षेत्राचं नाव तिथे क्वचितच ऐकू येतं. ते म्हणजे मेंदूच्या धर्तीवर चालणाऱ्या, म्हणजेच न्यूरोमॉर्फिक, चिप आणि त्यांची सुरक्षा. हुशार मुलांनी इकडे वळावं असं मला मनापासून वाटतं.

आपला मेंदू सुमारे २० वॅटवर, म्हणजे एका एलईडी ट्यूबलाइटच्या विजेवर भागवतो. नेहमीच्या संगणकात मेमरी एकीकडे, प्रोसेसर दुसरीकडे आणि माहितीची ने-आण करण्यातच बरीच वीज खर्ची पडते. मेंदूत अशी फाळणी नाही, शिवाय न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली पेशी, गरज असेल तेव्हाच स्पंद, म्हणजे विजेचा छोटा ठोका, सोडतो. हीच रीत सिलिकॉनमध्ये उतरवण्याची वाट अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकात दाखवली. आयबीएमच्या २०१४ सालच्या ट्रूनॉर्थ चिपमध्ये दहा लाख कृत्रिम न्यूरॉन होते आणि ती सुमारे ७० मिलिवॅटवर चालायची.

या क्षेत्रातला एक लाडका घटक म्हणजे मेमरिस्टर. धातूच्या दोन थरांमध्ये ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. व्होल्टेजचा झटका दिला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो आणि वीज गेली तरी तसाच राहतो. एआय मॉडेल जे शिकलं, ते या रोधांच्या रूपात साठवायचं. एआयचा हिशेब म्हणजे मुख्यतः गुणाकार आणि बेरीज. मग उभ्या-आडव्या तारांच्या जाळीत प्रत्येक छेदावर एक मेमरिस्टर बसवला की बारावीतला ओहमचा नियम गुणाकार करतो आणि किर्चहॉफचा नियम बेरीज. या हिशेबापुरता वेगळा प्रोसेसर लागत नाही.

पण नेमकी इथेच गोम आहे. साध्या संगणकात मेमरीतली माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवता येते आणि हिशेबाच्या वेळी प्रोसेसरमध्ये उघडता येते. इथे मेमरीतच हिशेब होतो. रोध सांकेतिक करून ठेवले तर उत्तरच चुकेल. उघडे ठेवले तर उपकरण चोरणाऱ्याला बंद चिपमधूनही मॉडेल वाचता येण्याची भीती.

दुसरी अडचण तर काटकसरीतूनच जन्मते. स्पंद असेल तेव्हाच वीज लागते, म्हणून विजेच्या चढउतारावरून आत काय चाललंय याचा माग लागू शकतो. पॉल कोचर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उपकरणाचा विजेचा वापर मोजून एन्क्रिप्शनच्या गुप्त किल्ल्या काढता येतात हे दाखवलं होतं. तोच धोका इथे नव्या रूपात उभा राहतो. खोटे स्पंद मिसळून माग पुसता येईल, पण मग वाचवलेली वीज पुन्हा खर्च होते. हा तोल कुठे साधायचा, हा पीएचडीला पुरेल असा प्रश्न आहे.

एआयची जुनी दुखणी आहेतच. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ‘थांबा’च्या पाटीवर काळे-पांढरे स्टिकर चिकटवले आणि संगणकाला ती वेगमर्यादेची पाटी वाटली. उलट, प्रत्येक मेमरिस्टर शेजाऱ्यापेक्षा किंचित वेगळा घडतो, हा दोष चिपची ओळख पटवणारा ठसा म्हणून वापरता येतो. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

म्हणूनच इथे एकाच शाखेचं ज्ञान पुरत नाही. पदार्थविज्ञानवाला, इलेक्ट्रॉनिक्सवाला आणि सायबर सुरक्षावाला एकाच टेबलाशी बसायला हवेत. मुंबईत त्याची सोय आहे. पवईच्या आयआयटीत नॅनो-उपकरणं घडवण्याची प्रयोगशाळा आहे, न्यूरोमॉर्फिक संशोधन चालतं आणि बाहेरच्या संशोधकांनाही तिथली यंत्रं वापरण्याची योजना आहे. कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे. पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. आयटीतल्या मित्रांच्या पगारापुढे ती कमी वाटेल, आणि मुंबईत भाडं भरताना तर जाणवेलच. घरच्यांशी हे आधीच बोलून घ्यावं.

सुरुवातीला चिप हाताशी नसली तरी अडत नाही. स्पंदांवर चालणारी न्यूरॉनची जाळी संगणकावर उभी करणारी ब्रायन किंवा एसएनएनटॉर्च ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, लॅपटॉपवर चालतात. हस्तलिखित अंकांच्या एमनिस्ट संचावर एक छोटं स्पंदी जाळं शिकवा, चित्रांत हळूहळू गोंधळ मिसळत जा आणि अचूकता कुठे ढासळते त्याचा आलेख काढा. प्राध्यापकांना इंटर्नशिपसाठी ईमेल कराल तेव्हा गुणपत्रिकेच्या आधी तो आलेख जोडा.