.२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन: गोळी तीच, पीळ वेगळा

अमेरिकेत जुन्या रायफली विकणाऱ्या कुठल्याही बऱ्या दुकानात गेलात, तर कधी ना कधी या दोघी शेजारी शेजारी उभ्या दिसतात. एकीच्या नळीवर ठसा ‘२४३ विन’, दुसरीच्या नळीवर ‘२४४ रेम’. आकडा एकानेच वाढलेला, तेव्हा दुसरीची गोळी केसभर जाड असणार असं नवख्याला वाटतं. तसं मुळीच नाही. दोन्हींतून सुटणारी गोळी एकाच व्यासाची असते: ०.२४३ इंच, म्हणजे ६.१७ मिलिमीटर. .२४४ हा आकडा रेमिंग्टन कंपनीने आपलं काडतूस वेगळं ओळखू यावं म्हणून लावला, एवढंच. त्यावर कडी म्हणजे हेच काडतूस पुढे ‘६ मिमी रेमिंग्टन’ या नावानेही विकलं गेलं, त्यामुळे दोन वस्तूंना तीन नावं झाली.

घोळ नावापुरता असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. पण गोळी एकच असली तरी काडतुसं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. .२४३ ची पितळी पुंगळी २.०४५ इंच लांब, .२४४ ची २.२३३ इंच. पुंगळी मानेकडे निमुळती होते तो खांदा, त्याचा उतार एकीचा २० अंशांचा, दुसरीचा २६. चुकीचं काडतूस चुकीच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या पोकळीत, घातलं तर ते नीट टेकत नाही. आणि तशात चाप ओढला, तर पुंगळी फाटून पेटता वायू बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) बाजूने, म्हणजे नेम धरलेल्या माणसाच्या तोंडाकडे येऊ शकतो. तेव्हा पहिला नियम साधा आहे: नळीवरचा ठसा आणि पुंगळीच्या बुडावरचा ठसा, दोन्ही वाचल्याशिवाय काडतूस आत जाता कामा नये. .२४४ आणि ६ मिमी रेमिंग्टन यांची मापं मात्र तंतोतंत सारखी आहेत. ती एकमेकांच्या रायफलीत बिनधास्त चालतात. ती नेमावर लागतील की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि खरी गंमत तिथेच आहे.

दोन्ही काडतुसं बाजारात आली १९५५ साली. अमेरिकन शेतकऱ्याला आणि हौशी शिकाऱ्याला तेव्हा दोन कामांसाठी दोन रायफली ठेवाव्या लागत. एक हरणासाठी, बहुधा .३०-३० किंवा .३०-०६. दुसरी ‘व्हार्मिंट’साठी, म्हणजे कुरणात बिळं करणारे ग्राउंडहॉग, प्रेअरी डॉग, कोंबड्या उचलणारे कोयोटी अशा उपद्रवी प्राण्यांसाठी. ही दुसरी बारीक कॅलिबरची, हलक्या गोळीची, फार वेगवान. दोन्ही कामं एकाच रायफलीत बसवायची तर ६ मिमीच्या आसपासची गोळी सोयीची पडेल, हे घरच्या घरी काडतुसं घडवणाऱ्या हौशी मंडळींना कारखान्यांच्या बरंच आधी उमगलं होतं. अशा घरगुती काडतुसांना तिथे ‘वाईल्डकॅट’ म्हणतात. बंदुकांवर लिहिणारे वॉरन पेज आणि काडतुसं भरायच्या हत्यारांची आरसीबीएस कंपनी काढणारे फ्रेड हंटिंग्टन, या दोघांचे प्रयोग त्यात आघाडीवर होते.

विंचेस्टर कंपनीने आपल्याच १९५२ सालच्या .३०८ काडतुसाची पुंगळी घेतली आणि तिची मान आवळून २४३ वर आणली. रेमिंग्टनने .२५७ रॉबर्ट्सची पुंगळी घेतली. तिचं मूळ १८९० च्या दशकातल्या ७ मिमी माउजर काडतुसात. त्यामुळे रेमिंग्टनची पुंगळी थोडी लांब, मान ऐसपैस, दारू किंचित जास्त मावणारी. हाताने काडतुसं भरणारे आजही या लांब मानेवर खूश असतात, कारण ती गोळीला नीट धरून ठेवते. वेगातही .२४४ चं घराणं थोडं सरस. १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची गोळी .२४३ मधून सेकंदाला साधारण २,९६० फुटांनी सुटते, तर ६ मिमी रेमिंग्टनमधून ३,१०० फुटांनी. कागदावर हा फरक डोळ्यात भरतो. ३०० यार्डांवर मात्र गोळी जेमतेम एखादा इंच कमी खाली येते, आणि तेवढ्या अंतरावर उभ्या हरणाला तो इंच कळत नाही.

म्हणजे कागदावर रेमिंग्टन पुढे. तरी सत्तर वर्षांनी .२४३ जवळजवळ प्रत्येक कारखान्याच्या यादीत आहे आणि ६ मिमी रेमिंग्टनची नवी रायफल शोधून काढावी लागते. हे झालं नळीतल्या आट्यांमुळे.

रायफलीच्या नळीत आतून स्क्रूसारखे आटे असतात. गोळी त्यांतून पुढे सरकताना फिरू लागते आणि फिरत राहते म्हणूनच टोक पुढे ठेवून सरळ जाते. आटे किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, हा त्या नळीचा पीळ. विंचेस्टरने .२४३ ला १० इंचांत एक फेरा दिला. रेमिंग्टनने .२४४ ला १२ इंचांत एक. दोन इंचांचा फरक, आणि बाहेरून पाहून तो कोणालाही दिसत नाही.

कोणत्या गोळीला किती गिरकी लागते, हे मुख्यतः गोळीच्या लांबीवर ठरतं. व्यास ठरलेला असल्यामुळे वजन वाढवायचं तर गोळी लांबच करावी लागते. म्हणून ७५ ग्रेनची बुटकी गोळी १२ इंची पिळात मजेत जाते, ९० ग्रेनचीही जाते, पण १०० ग्रेनची अणकुचीदार गोळी काठावर येते. एखाद्या नळीत ती चालते, दुसरीत चालत नाही. उन्हाळ्यात बरी लागते आणि नोव्हेंबरच्या कडाक्यात बिघडते, कारण थंड हवा जास्त दाट असते आणि दाट हवेत गोळी सरळ ठेवायला जास्त गिरकी लागते. गिरकी कमी पडली की गोळी उडता उडता डुलते. कागदी लक्ष्यावर हे चटकन ओळखू येतं: छिद्र गोल न पडता लांबट पडतं, आणि फारच वाईट झालं तर गोळी आडवी लागून तिच्या कुशीचा आकार कागदावर उमटतो. दोन्ही रायफलींत गिरकीचा वेग अफाटच असतो. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी सेकंदाला साडेतीन हजारांवर गिरक्या घेत निघते, .२४४ ची ९० ग्रेनची साधारण ३,२००. पण लांब गोळीचं तेवढ्यावर भागत नाही.

मग रेमिंग्टनने असं का केलं? वेडेपणा नव्हता तो. त्यांच्या हिशेबात ६ मिमीचं गिऱ्हाईक म्हणजे ग्राउंडहॉग मारणारा, हलकी गोळी लांबवर अचूक टाकणारा माणूस. त्या काळी शिशाच्या गोळ्यांवरची तांब्याची सालं आजच्याइतकी एकसारखी नसत, आणि गिरकी जितकी जास्त तितका गोळीतला असमतोल नेमाला भोवतो. तेव्हा लागेल तेवढीच गिरकी द्यावी, हा विचार शास्त्राला धरून होता. त्यांनी कारखान्यातून काडतुसं काढली ती ७५ आणि ९० ग्रेनची. विंचेस्टरने काढली ८० आणि १०० ग्रेनची. आता ९० आणि १०० ग्रेनमध्ये हरणाच्या दृष्टीने काही मोठा फरक नाही. ९० ग्रेनची नीट बांधलेली गोळी फुप्फुसांतून गेली की व्हाइटटेल हरीण शंभर पावलंही जात नाही. पण दुकानात उभ्या माणसाला शंभर हा आकडा हरणाचा वाटला आणि नव्वद घुशीचा. एकच रायफल घेऊन दोन्ही कामं करायची म्हणून आलेला माणूस विंचेस्टरकडे वळला.

रेमिंग्टनला चूक कळली. पीळ ९ इंचांवर आणला, १०० ग्रेनचं काडतूस काढलं आणि १९६३ मध्ये .२४४ चं बारसं नव्याने करून ‘६ मिमी रेमिंग्टन’ नाव ठेवलं. वस्तू आता खरोखर .२४३ पेक्षा कांकणभर सरस होती. पण बाजार हातचा गेला होता, आणि एकदा प्रत्येक खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात .२४३ ची खोकी आली की उरलेलं काम ती खोकीच करतात.

माझं मत विचाराल तर .२४४ वर अन्याय झाला. रेमिंग्टनची जुनी ७२२ ही दिसायला अगदी साधी रायफल. पत्र्याचा चापरक्षक, लाकडावर नक्षीचं नाव नाही. पण नेमाला ती आजही भल्याभल्यांना लाजवते. फक्त तिला तिची गोळी द्यायला हवी.

म्हणून जुनी घेताना ठशावर जाऊ नका, पीळ मोजा. रेमिंग्टनने पीळ बदलला तेव्हा जुना ठसा असलेल्या शेवटच्या काही नळ्यांनाही नवा पीळ मिळाला होता, त्यामुळे ‘२४४’ वाचून खात्री होत नाही. मोजायला पाच मिनिटं लागतात. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा आणि बोल्ट काढून बाजूला ठेवा. नळी साफ करायच्या गजाला घट्ट बसणारं फडकं लावून तो नळीत थोडा सरकवा. गजाची मूठ फिरती हवी, म्हणजे आट्यांबरोबर गज आपला आपण वळतो. आता मुठीजवळ गजावर वरच्या बाजूला पेनाने एक खूण करा आणि नळीच्या काठाशी जिथे गज आत जातो तिथे दुसरी. गज सावकाश ढकला. वरची खूण एक पूर्ण फेरी मारून पुन्हा वर आली की थांबा, आणि गज किती इंच आत गेला ते टेपने मोजा. बाराच्या जवळपास आलं तर ९० ग्रेनपर्यंतच्या गोळ्यांचा विचार करा. नऊच्या जवळपास आलं तर १०० ग्रेनही चालेल. घाई केली तर फडकं आट्यांवरून घसरतं आणि आकडा भलताच येतो, म्हणून दोन-तीनदा मोजलेलं बरं.

आजकाल शिशाऐवजी निव्वळ तांब्याच्या गोळ्या वापरायचं प्रमाण वाढतंय, आणि तिथे जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी जास्त लांब होते. १० इंची पिळाच्या .२४३ लाही सगळ्याच लांब गोळ्या मानवतील असं नाही. नवी .२४३ घेणाऱ्यानेही पिळाचा आकडा विचारलाच पाहिजे: रुगर अमेरिकनमध्ये तो ९ इंच आहे, आणि रेमिंग्टनने आपल्या मॉडेल ७०० मध्ये .२४३ साठी नऊ इंचांहून किंचित जास्त ठेवला होता. ६ मिमी क्रीडमूर हे नवं काडतूस तर साधारण साडेसात-आठ इंची पिळानेच येतं. रेमिंग्टनचा धडा सगळ्यांनी गिरवला, असं म्हणायला हरकत नाही.

आता ‘एका रायफलीत दोन्ही कामं’ याबद्दल. रायफल एक असली तरी गोळ्या दोन लागतात. व्हार्मिंटची गोळी पातळ सालीची असते आणि लागताक्षणी फुटून जाते. तीच हरणाच्या खांद्यावर मारली तर वरवरची भयंकर जखम होते आणि जनावर पळून जाऊन हाल होऊन मरतं. हरणाला जाड सालीची, पसरणारी पण न फुटणारी गोळीच हवी. दोन्ही गोळ्या एकाच जागी लागत नाहीत, म्हणून गोळी बदलली की दुर्बीण पुन्हा जुळवायची. दुसरं म्हणजे नळीचं वजन. डोंगर चढायला २२ इंची सडपातळ नळी बरी. पण प्रेअरी डॉगवर दुपारभर गोळ्या झाडायच्या तर ती तापते आणि नेम सरकतो. विंचेस्टरने मॉडेल ७० ची जड नळीची व्हार्मिंट आवृत्ती .२४३ मध्ये १९५६ लाच काढली, ती याचसाठी. चार-पाच गोळ्यांत काम संपणाऱ्या शिकाऱ्याने ती खांद्यावर वागवण्यात अर्थ नाही.

कायदाही इथे मध्ये येतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात हरणासाठी किमान .२४ कॅलिबर आणि किमान ७० ग्रेनची पसरणारी गोळी लागते, म्हणजे आपली ही दोन्ही काडतुसं बरोबर उंबरठ्याच्या आत. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या कायद्याने मोठ्या हरणांसाठी किमान .२४० कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाउंड ऊर्जा मागितली आहे, १०० ग्रेनच्या.२४३ ची ती १,९०० च्या वर भरते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा विषयच संपला. विदर्भात रोही आणि रानडुक्कर पिकं उद्ध्वस्त करतात तेव्हाही वनखात्याच्या परवानगीशिवाय कोणी काही करू शकत नाही. पेनसिल्व्हेनिया किंवा टेक्सासमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र सहकाऱ्यांच्या डियर सीझनच्या गप्पांत हे आकडे हमखास ऐकू येतात, आणि त्यांतले काही जण पुढे परवाना काढून जातातही.

तशा कोणी आज नवी रायफल घ्यायची ठरवली, तर .२४३ घ्यावी. धक्का सौम्य, काडतुसं कुठेही मिळतात, आणि चांगली कारखान्याची रायफल १०० यार्डांवर इंच-दीड इंचात तीन गोळ्या बसवते. घरी काडतुसं भरायची हौस असेल आणि ९ इंची पिळाची ६ मिमी रेमिंग्टन बऱ्या किमतीत समोर आली, तर सोडू नये. आणि जुनी १२ इंची ७२२ मिळाली, तर तिला ७५ ग्रेनवर ठेवा, हरणाच्या दिवसांत ९० वर न्या, आणि १०० ग्रेनची खोकी शेजाऱ्याच्या .२४३ शी बदलायचा विचार करू नका. ती त्याच्या रायफलीत बसायची नाहीत.