उष्ण हवा आणि मुलींचे वयात येणे
उष्ण देशांत मुलींना लवकर न्हाण येते, हा समज फार जुना आहे. १७४८ साली फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यू यांनीही अशा हवामानात मुली आठ ते दहा वर्षांतच विवाहयोग्य होतात, असे लिहिले होते. पण हा समज खरा नाही. नॉर्वेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पहिली पाळी सरासरी सोळाव्या वर्षानंतर येई, शंभर वर्षांनी ती तेराव्याच्या आसपास येऊ लागली. थंडी मात्र तीच होती. बदलले होते ते ताटातले अन्न आणि बालपणीचे आजार. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक शरीरात पुरेसा साठा झाल्याची खूण मेंदूला देते, आणि त्यावाचून पाळी सहसा सुरू होत नाही. ‘उष्ण पडेल’ आणि न्हाण लवकर येईल, या धास्तीने दहा वर्षांच्या मुलीच्या ताटातले अंडे काढून घेतले जाते, हे मला फार खुपते. ऐन वाढीच्या वयात तिला त्याचीच गरज असते.