भुलीआधीचा ऑक्सिजन

परवा रंकाळ्यावर फिरताना मित्र तणतणत होता. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण ती घरी येऊन म्हणाली, भूल द्यायच्या आधीच तोंडावर ऑक्सिजन लावला होता. "म्हंजे तेव्हाच कायतरी बिघडलं हुतं, आणि आम्हाला पत्ता न्हाई बघ!"

काही बिघडलं नव्हतं. तो ऑक्सिजन म्हणजे श्वासासाठी घशातून नळी घालायची तयारी असते.

पूर्ण भूल देताना स्नायू सैल करणारं औषध देतात आणि श्वास थांबतो. तिथपासून श्वासनलिकेत नळी बसून तिच्या टोकाजवळचा, कडेची फट बंद करणारा फुगा फुगेपर्यंत शरीराला शिलकीवर भागवायचं असतं. शिलक किती? सहज श्वास सोडल्यावरही मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत सुमारे अडीच लिटर हवा उरते. त्यात बहुतांश नायट्रोजन. ऑक्सिजन जेमतेम सव्वातीनशे मिलिलिटर. शरीर मिनिटाला सुमारे 250 खर्च करतं. म्हणजे तालमीतला गडी असला तरी मिनिट-दीड मिनिटात खडखडाट! पण आधी 3 मिनिटं घट्ट मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला, की नायट्रोजन धुऊन निघतो आणि त्याच जागेत दोन लिटरच्या वर ऑक्सिजन मावतो. निरोगी माणसाला सात-आठ मिनिटं मिळतात. लठ्ठ माणसाला आणि गरोदर बाईला बरीच कमी, कारण साठा लहान आणि खर्च जास्त.

गंमत पुढे आहे. नळी चुकून अन्ननलिकेत गेली तरी या शिलकीमुळे बोटावरचा ऑक्सिमीटर काही मिनिटं 99 दाखवत राहतो. आपण कोविडमध्ये ज्याला देव मानलं, तो इथं उशिरा बोंबलतो. खरा साक्षीदार कार्बन डायऑक्साइड. तो फुप्फुसांतूनच श्वासागणिक बाहेर पडतो, पोटातून नाही. म्हणून पडद्यावर त्याची लाट दर श्वासाला उमटत राहिली, तरच नळी योग्य जागी. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकतातही, पण कान फसू शकतात.

मित्र जरा गप्प झाला. मग म्हणाला, "आत नेताना मावशीनं अंबाबाईचा पेढा भरवला हुता."

साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. हलकं खाणं किंवा दूध मात्र 6 तास आधी बंद, कारण भुलीत पोटातलं घशाशी आलं तर खोकून बाहेर काढणारं कुणी जागं नसतं. सगळं थेट फुप्फुसात. उपाशी ठेवायचं ते यासाठी, आणि प्रसादाला त्यातून सूट नाही.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"प्रसाद हुता रे," तो म्हणाला.