ऐंशी-वीसचं गणित आलं कुठून?

‘यशात बुद्ध्यांकाचा वाटा २० टक्के आणि भावनांकाचा ८० टक्के.’ व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत, पालकसभांत, मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या वर्गांत हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. ऐकणाऱ्याला धीरही येतो. गणितात कच्च्या असलेल्या मुलाच्या आईला वाटतं, चला, अजून ८० टक्के शिल्लक आहेत. तिचा हा धीर मोडावा असं मला मुळीच वाटत नाही, पण त्याचा पाया खरा असायला हवा. म्हणून हा आकडा आला कुठून, ते नीट पाहायला हवं.

आकडा आला तो अमेरिकी पत्रकार आणि मानसशास्त्रज्ञ डॅनिएल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या १९९५ सालच्या पुस्तकातून. त्यांनी लिहिलं होतं ते असं: आयुष्यातल्या यशाला कारणीभूत होणाऱ्या गोष्टींत बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के असतो, उरलेला ८० टक्के इतर गोष्टींचा. या ‘इतर गोष्टीं’त घरची सामाजिक स्थिती आणि नशीबसुद्धा येतं, हेही तिथेच नोंदलेलं आहे. पुढे सांगोवांगी पसरताना ‘इतर’ हा शब्द गळाला आणि त्या जागी ‘भावना’ येऊन बसल्या. शिवाय मूळचे २० टक्के ही संख्याशास्त्रातली गोष्ट. हजारो माणसांमधला फरक किती प्रमाणात बुद्ध्यांकाने समजावता येतो, एवढंच ती सांगते. एका माणसाच्या यशाचे तिच्यावरून वाटे पाडता येत नाहीत.

पण बुद्धी एकीकडे आणि भावना, माणसं, वागणं दुसरीकडे अशी वाटणी मुळात झाली कशी? त्यासाठी पॅरिसला जावं लागतं.

फ्रान्सने १८८२ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि ज्यांनी कधी शाळा पाहिली नव्हती अशी मुलं वर्गात आली. काही मागे पडू लागली. अशा मुलांचं काय करायचं, हे ठरवण्यासाठी सरकारने १९०४ मध्ये एक आयोग नेमला. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने त्याचे सदस्य होते. त्यांना वेगळीच भीती वाटत होती: शिक्षकाला नकोसं झालेलं, खोडकर किंवा गप्प मूल ‘मंद’ ठरवून वर्गाबाहेर काढलं गेलं तर? म्हणून त्यांनी थेओडोर सिमों यांच्यासह १९०५ मध्ये ३० लहान कामांची मोजपट्टी तयार केली. पेटत्या काडीमागे नजर फिरते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक कळतो का, इथपासून सुरुवात करून ती अमूर्त शब्दांमधला भेद सांगण्यापर्यंत जात असे. हेतू एकच. कुणाला जास्तीच्या मदतीची गरज आहे, ते शोधायचं.

हे विसरलं गेलं याची मला मनापासून खंत वाटते, कारण बिने यांना बुद्धी म्हणजे सगळं काही असं कधीच वाटलं नव्हतं. शाळेत टिकायला लक्ष, इच्छाशक्ती, नियमितपणा आणि चिकाटी लागते, असं ते स्वतःच सांगत होते. बुद्धी जन्मतः ठरते आणि वाढत नाही या मताला त्यांनी १९०९ मध्ये ‘क्रूर निराशावाद’ म्हटलं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचवले. त्यांतला एक वाचून मी थबकले. खूण झाली की सगळ्यांनी पुतळ्यासारखं जागच्या जागी थांबायचं. आपल्या अंगणातला ‘स्टॅच्यू’! स्वतःला आवरणं, इतरांबरोबर एकाच वेळी थांबणं, हे शिकवता येतं यावर या माणसाचा विश्वास होता, आणि बुद्धी मोजण्याची सुरुवात करणाराही हाच माणूस होता. १९११ मध्ये बिने गेले आणि मोजपट्टी इतरांच्या हाती गेली.

पुढची पावलं भराभर पडली. जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला (मूल कोणत्या वयाच्या मुलांइतकी कामं करू शकतं, त्या वयाला) खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली. अमेरिकेत ल्यूइस टर्मन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९१६ मध्ये चाचणीची नवी आवृत्ती काढली आणि त्या भागाकाराला १०० ने गुणलं. असा आपल्या ओळखीचा बुद्ध्यांक तयार झाला. पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख अमेरिकी सैनिकांची चाचणी झाली आणि मदत शोधण्याचं साधन माणसांना वरखाली लावण्याचं साधन झालं.

टर्मन यांचा बुद्ध्यांकावर गाढ विश्वास होता. तो सिद्ध करायला त्यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारांहून अधिक अतिबुद्धिमान मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवायचं ठरवलं. निवडीच्या चाळणीतून विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ ही दोन मुलं गळली. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, शॉकली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला मात्र त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. निवडलेल्यांपैकी पुरुष मोठे झाल्यावर टर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांत यशस्वी १५० आणि सर्वांत कमी यशस्वी १५० वेगळे काढले. दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक दिसला तो चिकाटीत, ध्येयाच्या दिशेने सगळं आयुष्य गोळा करण्यात, आत्मविश्वासात आणि न्यूनगंड नसण्यात. यशस्वी गटातल्यांच्या घरी शिक्षणाचं वातावरणही जास्त होतं. बुद्धी आणि कर्तृत्व यांचा मेळ पूर्ण बसत नाही, हे खुद्द टर्मन यांनी १९४७ मध्ये छापून मान्य केलं. आपल्याच सिद्धान्ताला छेद देणारी गोष्ट त्यांनी लपवली नाही, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. (तुलना फक्त पुरुषांची झाली. त्या काळी बहुतेक स्त्रियांचं शिक्षण घरसंसारात विरून जाई आणि त्यांचं यश कशाने मोजायचं, हेच संशोधकांना ठरवता येईना.)

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच ‘सामाजिक बुद्धिमत्ता’ हा शब्द एका मासिकातल्या लेखात वापरला होता. त्यांचं उदाहरण कारखान्यातलं आहे. सर्वांत कुशल कारागीर सामाजिक बुद्धी नसेल तर फोरमन म्हणून अपयशी ठरू शकतो. गिरणीत किंवा वर्कशॉपमध्ये नोकरी केलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. अडचण मोजण्याची होती. कागदावरच्या चाचण्या निघाल्या, पण त्या शेवटी भाषेवरचं प्रभुत्वच मोजतात असं दिसून आलं आणि विषय मागे पडला.

तो जिवंत राहिला तो लष्करात. दुसऱ्या महायुद्धात छोट्या मुलाखतीवर निवडलेले अनेक ब्रिटिश अधिकारी प्रशिक्षणातच नापास होऊ लागले, तेव्हा १९४२ मध्ये निवडीची नवी पद्धत आली: उमेदवारांना काही दिवस एकत्र ठेवायचं, नेता न नेमता गटाला काम द्यायचं आणि बघत राहायचं. कोण दुसऱ्याचं ऐकून घेतो, कोण दोर स्वतःकडे ओढतो, अडकलेल्याला कोण हात देतो. भारतातही ही पद्धत युद्धकाळातच आली आणि लष्करी अधिकारी निवडणारं आजचं एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) तिच्यातूनच घडलं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाऊ पाहणारा मराठी मुलगा लेखी परीक्षा पार करतो आणि मग पाच दिवसांच्या या निवडीत अडखळतो, तेव्हा घरच्यांना कोडं पडतं की एवढा हुशार मुलगा नापास कसा? तिथे मोजलं जातं ते वेगळंच असतं.

आपल्या भाषेत मात्र हा फरक फार जुना आहे. हुशार निराळा आणि शहाणा निराळा. ‘शिकलेला आहे, पण पोच नाही’ या वाक्यातला ‘पोच’ हा शब्द तर मला आजच्या सगळ्या परिभाषेपेक्षा नेमका वाटतो. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितल्यावर पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. बहुश्रुत आहे, विद्वान आहे, ब्रह्मज्ञान स्वच्छ बोलतो, पण दुराशा आणि अभिमान सुटत नाही, तो पढतमूर्ख. दोष ज्ञानाचा नाही, स्वतःचं मन न ओळखण्याचा आहे.

मोजपट्टीही आपल्याकडे लवकर आली. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड भागातल्या मुलांसाठी बिने चाचणी मराठीत आणि कानडीत आणली. त्यांचं काम १९४० मध्ये पुस्तकरूपाने आलं आणि बिने-कामत चाचणी आजही देशभर वापरात आहे. पण मराठी घरांत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा शब्द पोचला तो शिष्यवृत्ती परीक्षेमुळे. आधी चौथी-सातवीला आणि २०१६-१७ पासून काही वर्षं पाचवी-आठवीला घेतल्या गेलेल्या या परीक्षेत तो चक्क एक विषय आहे. त्याचे क्लास असतात, गाइडं असतात. घोटून घेता येणारी बुद्धिमत्ता! त्यातून अनेक गरीब मुलांना पुढे जायची वाट मिळाली, हे खरंच आहे. पण बुद्धी म्हणजे आकृत्यांचा क्रम ओळखणं, हा समजही तिथेच पक्का झाला.

याच महाराष्ट्रात वेगळी वाटही निघाली. डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. मुलं निवडायला बुद्धिमापनच वापरायचं, पण निवडलेल्या बुद्धीला समाजाशी जोडायचं, ही तिची दिशा. आधी शाळा सांभाळून येणाऱ्या मुलांसाठी उपक्रम होते, प्रशाला १९६९ मध्ये निघाली. निवडक हुशार मुलंच का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे. तरी बुद्धी आणि सामाजिक भान यांना एकमेकांसमोर उभं न करता एकाच मुलात एकत्र वाढवायचा प्रयत्न ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द जगात रुळण्याच्या कितीतरी आधी इथे झाला. त्याची दखल या विषयावरच्या व्याख्यानांत क्वचितच घेतली जाते.

तो शब्द शास्त्रात स्थिरावला १९९० मध्ये, पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांच्या शोधनिबंधातून. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, त्यांतला फरक करणं आणि विचार करताना त्या माहितीचा उपयोग करणं, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे भावना बुद्धीच्या विरोधात नाहीत, त्या बुद्धीला लागणारा मजकूर पुरवतात. मेंदूशास्त्रातून याला बळ मिळालं. अँटोनियो दमासिओ यांनी ‘एलियट’ या टोपणनावाने एका रुग्णाची हकीकत १९९४ मध्ये मांडली. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यावरही त्याचा बुद्ध्यांक चांगलाच वरचा होता, स्मरणशक्ती शाबूत होती. पण आपल्याच आयुष्याची वाताहत तो थंडपणे सांगत असे. काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे त्याला ठरवता येईना. नोकरी गेली, पैसा बुडाला, संसार मोडला. एलियटची हकीकत वाचल्यावर ऐंशी-वीस अशी वाटणी करणंच चुकीचं वाटू लागतं, कारण त्याची बुद्धी भावनेवाचून कामच करू शकत नव्हती.

गोलमन यांच्या पुस्तकाने १९९५ मध्ये हा विषय घराघरांत नेला, हे त्यांचं मोठं काम. पण त्यांनी उत्साह, चिकाटी, संयम असं बरंच काही या एका नावाखाली घेतलं आणि यशाबद्दलचे दावे पुराव्यापुढे धावले. मेयर आणि सॅलोव्हे यांनी पुढे त्या दाव्यांपासून अंतर राखलं. पुरावा आज काय सांगतो? २०२० मध्ये ४२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा भावनिक बुद्धिमत्ता आणि अभ्यासातली प्रगती यांचा सहसंबंध सुमारे ०.२० निघाला (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). संबंध आहे, पण माफक.

जास्त आशा वाटते ती शिकवण्याच्या बाजूने. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलान्टी गावी १९६० च्या दशकात गरीब घरांतल्या १२३ मुलांवर पेरी बालवाडीचा प्रयोग झाला. बालवाडीत गेलेल्या मुलांचा बुद्ध्यांक आधी वाढला आणि काही वर्षांत फरक पुसला गेला. प्रयोग फसला असंच कुणीही म्हणालं असतं. पण चाळिशीत पाहिलं, तेव्हा या मुलांची कमाई जास्त होती आणि अटक होण्याचं प्रमाण कमी. बुद्ध्यांकात न दिसणारं काहीतरी टिकलं होतं. ते वागण्यातलं, स्वतःला आवरण्यातलं होतं, असं अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांच्या विश्लेषणाने दाखवलं. पुढे २०११ मध्ये शाळांतल्या अशा २१३ उपक्रमांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात २ लाख ७० हजार विद्यार्थी होते. भावनिक-सामाजिक कौशल्यं शिकलेल्या मुलांची अभ्यासातली कामगिरीही शंभर मुलांच्या क्रमवारीत ११ पायऱ्यांनी वर सरकलेली दिसली. एक शिकवलं की दुसरं मागे पडतं, ही भीती निराधार आहे.

बिने यांच्या मूळ हेतूच्या सर्वांत जवळची जागा मला आजही दिसते ती सरकारी रुग्णालयांतल्या तपासणीच्या खोलीत. बौद्धिक अक्षमता ठरवायला नुसता बुद्ध्यांक पुरत नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बौद्धिक कार्य आणि रोजच्या जगण्यातली सामाजिक, व्यावहारिक कौशल्यं दोन्ही पाहायला सांगतो. त्यामुळे बिने-कामत चाचणीच्या जोडीला अनेकदा सामाजिक परिपक्वतेची एक मोजपट्टी लावली जाते. ती मूळ अमेरिकेतल्या व्हाइनलँड या गावची. तिचं भारतीय रूप आर्थर मॅलिन यांनी नागपुरात तयार केलं. मानसतज्ज्ञ मुलासमोर आकृत्या ठेवतात आणि मग आईकडे वळून विचारतात: स्वतःची बटणं लावतो का? गल्लीत एकटा फिरून येतो का? दुकानातून एखादी वस्तू आणतो का? आई थोडा विचार करून सांगते, आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहिले जातात.